मिस्त्रींची पाठ

मिस्त्रींना सगळे ‘ओळंबा’ म्हणत. भिंत सरळ आहे की कलली हे पाहायचा पितळी ओळंबा, दोरी गुंडाळून, कायम त्यांच्या खिशात असे. कुणाकडे जेवायला गेले तरी ताटावर बसण्याआधी एखादी भिंत तपासल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. मेहुण्याच्या नव्या घरी त्यांनी पाहुण्यांदेखत ओळंबा सोडला, भिंत बोटभर कलल्याचं जाहीर केलं, आणि वर “बाकी घर झकास” असंही म्हणाले. मेहुणा पुढे वर्षभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होता.

त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या गवंडीकाम, आणि त्याबरोबर आलेली एक रीत. भिंत पुरी झाली की कामावरच्या सगळ्यात जुन्या गवंड्याने तिला पाठ टेकून बसायचं आणि कपभर चहा प्यायचा. कप रिकामा झाला म्हणजे भिंत पास. तो मधेच उठला, तर जेवढं चुकलं तेवढं पाडून पुन्हा बांधायचं, आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. भिंतीतलं जे डोळ्याला दिसत नाही ते पाठीला कळतं, असं मिस्त्रींचे आजोबा म्हणत.

आजोबांच्या पाठीने पास केलेलं काम म्हणजे घड्याळाच्या मनोऱ्याचं सभागृह. गावाचं चित्र काढायचं तर लोक आधी तेच काढतात. सगळा काळा दगड आणि चुना. छपराचा भार भिंतींनीच पेलायचा, म्हणून त्या इतक्या जाड, की खिडकीच्या कोनाड्यात एक माणूस आरामात पाय पसरून झोपेल. खिडक्या मात्र अरुंद, वर कमानी. वडिलांच्या वेळेला वीट आली. लाल विटांचं रेल्वे स्टेशन, कमानीला लागून कमान. भिंती बारीक झाल्या, उजेड जरा मोकळेपणाने आत आला. मिस्त्रींच्या ऐन उमेदीत काँक्रीटने पाय पसरले. हे काय बांधकाम, नुसतं पीठ कालवून ओतायचं, असं म्हणून त्यांनी आधी नाक मुरडलं. पण पोटात सळया घातल्यावर जे छप्पर दगडाला सात जन्मांत जमलं नसतं ते मधे एकही खांब न घेता नाट्यगृहावर उभं राहिलं, आणि मिस्त्री स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून ते दाखवू लागले.

त्याच दिवसांतली गोष्ट. त्यांच्या लेकीने थापी हातात घेतली होती आणि एका शाळेच्या आवाराची भिंत स्वतः बांधली होती. तिची पहिलीच भिंत. मिस्त्री ऐटीत पाठ टेकून बसले. अर्धा कप चहा झाला आणि ते उठले. मधला एक थर पोटात, म्हणजे आतल्या बाजूला, गेला होता. उरलेला चहा त्यांनी मातीत ओतला. पोरीने हूं की चूं केलं नाही. त्या थरापर्यंतची भिंत उतरवली, दिवस मावळायच्या आत पुन्हा चढवली, आणि या खेपेला ती दोरीसारखी सरळ होती. पण सकाळी मिस्त्रींना नाट्यगृहाच्या स्लॅबवर जावं लागलं. परत आले तोवर भिंतीला गिलावा होऊन रंगही लागला होता. तो चहा राहून गेला तो गेलाच. पुढच्या वर्षी लेक काचेच्या कामाला लागली. जिथे बापाचा ओळंबा पोचायचा नाही तिथे ती गेली, असं मिस्त्रींची बायको म्हणे. मिस्त्रींना ते लागायचं.

आता लेक काच बसवणाऱ्यांची मुकादम झाली होती. तिच्या टोळीने गावात उभ्या राहिलेल्या नव्या उंच मनोऱ्याला पायापासून माथ्यापर्यंत काच चढवत आणली होती. लोक रस्त्यात थांबून फोटो काढत. मिस्त्री मात्र पलीकडच्या फुटपाथवरून म्हणत, ही कसली भिंत, ही तर वाट चुकलेली खिडकी. भिंत म्हणजे जी भार पेलते ती, हे त्यांचं म्हणणं. सुंभ जळेल पण पीळ जाईल तर शपथ.

एका रविवारी लेकीने सहज म्हणावं तसं विचारलं, “बाबा, उद्या शेवटचं तावदान बसतंय. चहाला याल?”

कसला चहा ते दोघांनाही कळलं. मिस्त्रींनी गुडघेदुखी काढली. तेव्हा बायको म्हणाली, तुम्ही नसाल जात तर मी जाऊन टेकते पाठ, इतकी वर्षं तुमच्यासारख्या भिंतीशी डोकं आपटलंय, मलाही थोडंफार कळतं. मग मात्र दुसऱ्या दिवशी त्यांनी निमूटपणे सदरा चढवला आणि बायकोला घेऊन निघाले.

मनोऱ्याच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि जन्मभर परांचीवर चढलेल्या मिस्त्रींची पाचावर धारण बसली. समोर भिंत नव्हतीच, नुसतं आभाळ. खाली सभागृह, स्टेशन, नाट्यगृह, सगळं एका नजरेत. त्यांनी नजर वर घेतली आणि खिशातून ओळंबा काढून दोन तावदानांमधल्या पट्टीला लावला. लोलक हलत राहिला. थांबेना. मिस्त्रींचा चेहरा खुलला.

“कललीय,” ते म्हणाले.

लेकीने वर पाहिलं. ओळंब्याच्या बरोब्बर वर गार हवेची जाळी होती. तिने भिंतीवरचं बटण दाबलं, हवा बंद झाली, लोलक डुलत डुलत शांत झाला आणि पट्टीला केसभरही न सोडता उभा राहिला. बायकोने पदर तोंडाला लावला. मिस्त्री दोरीकडे वरपासून खालपर्यंत पाहत राहिले. मग त्यांनी काचेवर तळहात ठेवला. बाहेर वारा सुटला होता, आणि काच हाताखाली अगदी बारीक थरथरत होती.

“हा भार पेलते ती,” लेक म्हणाली. “छपराचा नाही. वाऱ्याचा.”

मिस्त्रींनी हात लगेच काढला नाही. मग वळले, आभाळाकडे पाठ केली आणि एक हात जमिनीला लावून बसले. पाठ टेकताना त्यांनी डोळे घट्ट मिटले होते, हे बायकोने पुढे सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. थर्मासमधून चहा ओतला गेला. लेक समोर उभी, हात मागे बांधून, पहिल्या भिंतीपाशी उभी होती तशीच. अर्धा कप झाला. मिस्त्री थांबले. मग त्यांनी उरलेला चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

ते उठले नाहीत. कप पुढे केला.

“अजून अर्धा दे,” ते म्हणाले. “शाळेच्या भिंतीचा राहिलाय.”

लेकीने थर्मास उचलला, आणि हसता हसता अर्धा चहा कपात पडला, अर्धा बाबांच्या सदऱ्यावर.