गाडीवरचं कुंकू

त्या सकाळी देवीसमोर उभा राहून मी जे मागितलं, ते सांगायची आजही लाज वाटते. वडूजच्या आमच्या दोन खोल्यांत औंधच्या यमाईची तसबीर होती. तिला हात जोडून मी म्हणालो, ‘आई, आज रस्त्यात पोलीस भेटू देऊ नकोस.’ खोटं बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभं करणारा मी शाळामास्तर, आणि देवीलाच माझ्या लबाडीत सामील करून घेत होतो. शिवाय ती ऐकेल की नाही याचीही खात्री नव्हती. तेव्हा माझी भक्ती अशीच होती, गरजेपुरती.

गोष्ट साठ सालानंतरची. माझा थोरला भाऊ लष्करात होता. त्यानं लिलावात निघालेली एक जुनी फटफटी घेऊन मला दिली होती. गावात फटफट्या मोजून दोन-तीन, त्यामुळे माझी मान जरा ताठच असे. एकदा वळणावर मी ती बैलगाडीच्या जुवावर घातली. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण फौजदारांनी फर्मान काढलं, की महिन्याच्या आत गाडी साताऱ्याच्या मोटार तपासणाऱ्या साहेबांना दाखवून पास करून आणायची, तोवर वापरायची मुभा. मी काय केलं? देवीनं वाचवलं म्हणून हँडलच्या खाली, जिथं गाडी जुवाला धडकली होती तिथंच, दर शुक्रवारी तेल-कुंकू लावायला लागलो. कुंकवाचा थर चढत गेला आणि महिना कधी सरला ते कळलंही नाही.

मुदत संपल्यावर धावपळ करून तपासणीची तारीख मागून घेतली. तारखेचं पत्र देताना साहेबांच्या कचेरीतल्या कारकुनानं बजावलं होतं, ‘मास्तर, आता ही गाडी एकाच कामाला रस्त्यावर काढता येईल. ठरल्या दिवशी, तपासणीला, सरळ रस्त्यानं. मागं कुणाला बसवायचं नाही.’ आणि नेमका तोच दिवस सासऱ्यांनी पाठवणीला धरला. माझी बायको पहिल्या बाळंतपणाला विट्याला माहेरी होती. मुलगा चार महिन्यांचा झाला होता, मी त्याला फक्त बारशाला पाहिलं होतं. दोघांना फटफटीवरून मिरवत घरी आणीन अशी फुशारकी मी सासरी मारून बसलो होतो. मग ठरवलं, सातारा गेला खड्ड्यात. कुणी अडवलंच तर खिशात साहेबाचं पत्र आहेच. पोराला पांघरायला दुपटं घेतलं आणि निघालो.

गावाबाहेर मायणीच्या रस्त्याला लागलो न लागलो तोच समोर हवालदार उभा. उतारवयाचा माणूस, सायकल बाभळीला टेकवून तंबाखू मळत होता. मी ऐटीत पत्र काढून दिलं. त्यानं ते सावकाश, ओठ हलवत वाचलं, रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मास्तर, कागद साताऱ्याचा हाय आन् गाडीचं तोंड विट्याकडं. ह्ये कसं काय वो?”

कुणी तरी शाळेत फळ्यासमोर उभं केल्यासारखं झालं. शेवटी बायको-पोराचं खरं सांगून टाकलं. वाटलं, म्हातारा विरघळेल.

“लेकराला न्यायला चाललाय व्हय? मग तर आदी साताऱ्यालाच जावा,” तो म्हणाला. “गाडी जप्त करत न्हाई. पर म्होरं सोडायचा न्हाई. फिरवा मागं.”

फिरवली. पुसेगाव, मग वर्धनगडचा घाट, मग कोरेगाव. सगळी वाट मी देवीवर धुमसत होतो. एवढंसं मागितलं, तेवढंही हिच्याच्यानं झालं नाही! घाटात हँडल जरा जड लागलं. थंडीनं हात आखडले असतील म्हणून सोडून दिलं.

साताऱ्याला मैदानात साहेबांनी दिवा पाहिला, हॉर्न वाजवायला लावला, ब्रेक दाबले. सगळं ठीक निघालं. मग चासीवरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरचा, नंबर कागदाशी ताडायला ते वाकले. नंबर हँडलखालच्या मानेवर ठोकलेला, म्हणजे माझ्या तेल-कुंकवाखाली. ते सहज म्हणाले, “हे कुंकू पुसून टाका.”

बायकोला आणायच्या दिवशी, आणि माझ्याच हातानं कुंकू पुसायचं? शिकलेला माणूस, पण तोंडून शब्द गेले, “साहेब, दुसरं काहीही सांगा. एवढं नको.” साहेब वैतागले. नंबर दिसल्याशिवाय सही नाही, म्हणून बजावून ते पुढच्या गाडीकडे वळले. मी तिथंच खिळून उभा राहिलो. पुसावं तर अभद्र, न पुसावं तर गाडी इथंच पडणार.

तिथं गाड्यांची पुसपास करणारा, खाकी शर्टातला एक गडी होता. हातात रॉकेलची चिंधी. तो मघापासून ऐकत असावा. जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, “मास्तर, म्या काय तुमच्या द्येवाचा न्हाई. आमच्या घरात आता बुद्धाची तसबीर हाय. पर एक सांगू का? गाडीवरचं पुसा, घरचं ऱ्हाईल.”

त्यानं चिंधी पुढं केली. ते त्याचं शहाणपण होतं की आणखी काही, मी वाद घालत नाही. एवढंच सांगतो, की त्या शब्दांनी माझा हट्ट गळून पडला. मनात म्हटलं, आई, तुझंच आहे, तूच बघ. त्या दिवसातली ती माझी पहिली खरी प्रार्थना. मग मी पुसायला लागलो.

थर निघाला तसे आकडे दिसले. आणि आकड्यांच्या खाली, मान जिथं सांधलेली असते तिथं, केसाएवढी काळी रेघ. त्या गड्यानं हँडल धरून हळूच दाबलं, तशी ती रेघ उघडली. आत नख जाईल एवढी. साहेबांना हाक मारली. त्यांनी पाहिलं आणि शांतपणे टोपी काढून कपाळ पुसलं. “मागं माणूस बसवून खड्ड्यात गेला असतात तर हँडल हातात आलं असतं,” ते म्हणाले. मी तिथंच मातीत बसलो आणि पोरासारखा रडलो. त्या गड्यानं मला पाणी आणून दिलं. नाव विचारायचं राहिलं, ती चुटपुट अजून आहे.

गाडी साताऱ्यातच सोडली आणि एसटीनं दिवेलागणीला विट्याला पोहोचलो. सासऱ्यांनी फटफटीची चौकशी करून माझी थोडी थट्टाही केली, ती मी मुकाट्यानं ऐकली. जेवणं झाल्यावर माजघरात बायकोला सगळं सांगितलं. पोर माझ्या मांडीवर झोपलं होतं. मी म्हणालो, “आईनं आज तुम्हां दोघांना वाचवलं.” ती माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, “आवं, आमी तर हितं घरात हुतो. त्या मोडक्या गाडीवरनं घाट उतरून तुमी आला.”

मी दिवसभर तिच्यासाठी, पोरासाठी देवीचे उपकार मानत होतो. मलाही कुणी तरी धरून ठेवलं होतं, आणि तेही मी धुमसत असताना, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तेव्हापासून मी देवीपुढे हात जोडतो, पण काय द्यायचं ते तिच्यावरच सोडतो.