मर्व ट्रेगेन्झाचा आकडा

जवाची कापणी आली की दक्षिण ऑस्ट्रेलियातलं अख्खं यॉर्क द्वीपकल्प गोड बोलायला लागे, आणि त्यातलं निम्मं मर्व ट्रेगेन्झाशी. एकतीस वर्षं तो गावच्या धान्यकोठारावर जवाची प्रत ठरवायचा. ट्रकमधला नमुना काढायचा, यंत्रात घालायचा, येईल तो आकडा लिहायचा. बियरचा महाग जव की गुरांचा स्वस्त, ते त्या आकड्यावर. एकदा सख्खा भाऊ क्लॅरी म्हणाला, "अर्धा टक्का इकडचा तिकडे कर की! कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," म्हणाला मर्व, आणि भावाचा जव गुरांच्या ढिगात गेला. क्लॅरी तीन नाताळ जेवायला आला नाही. चौथ्याला आला, पण बियर स्वतःची घेऊन!

असा हा माणूस, पण तब्येतीचं विचारलं की बेधडक खोटं बोले. त्या मुलखाची रीतच तशी. पाय मोडला तरी "तक्रार नाही" म्हणायचं.

एप्रिलात पायाची जखम चिघळली, रक्तात विष भिनलं आणि मर्व अ‍ॅडलेडला अतिदक्षता विभागात एकोणीस दिवस नळ्यांत पडून राहिला. तिथे एक अभ्यास चालू होता. अशा रुग्णाला सलाईन भरपूर द्यावं, की ते आवरून रक्तदाबाचं औषध लवकर सुरू करावं? कोणाला काय, ते संगणक चिठ्ठी काढून ठरवी. मर्व बेशुद्ध, म्हणून पर्थच्या लेकीने होकार दिला. मर्व वाचला, घरी आला. बायको जाऊन आठ वर्षं झालेली. घरात तो आणि परसात चार कोंबड्या.

एक गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नव्हती. त्या एकोणीस दिवसांत त्याला वाटायचं, आपल्याला कोठारात टाकलंय आणि वरून जव ओततायत. नाकात, तोंडात. अजूनही तो कोठारावरून जात नसे. पाव आणायला गाडीने समुद्राकडून लांबचा वळसा घेई. त्या रस्त्याला चिटपाखरू भेटत नसे. लेक रविवारी फोन करी, तिलाही तेच, "तक्रार नाही."

सहा महिने झाले तेव्हा एका दुपारी अभ्यासाच्या नर्सचा, रोझलीनचा, फोन आला.

"चालायला त्रास होतो, मर्व?"

"छे!" फाटकापर्यंत जायला दोनदा थांबावं लागे.

"अंघोळ, कपडे?"

"झकास." बटणं लागत नाहीत म्हणून महिनाभर एकच स्वेटर अंगात.

"रोजची कामं? दुखणं?"

"तक्रार नाही."

"काळजी, भीती?"

"कोंबड्यांना असेल. मला कसली?"

रोझलीन हसली. मर्वला वाटत होतं, दवाखान्यातल्या या पोरांनी राबून आपल्याला जगवलं. आता त्यांच्या औषधाला नावं कशी ठेवायची?

"शेवटचं. शून्य म्हणजे सगळ्यात वाईट तब्येत, शंभर म्हणजे उत्तम. आजचा आकडा सांगा."

मर्वने तोंड उघडलं. नव्वद म्हणायचं होतं. येईना.

"मर्व? आहात ना?"

"चाळीस."

"अहो, आत्ताच तर झकास म्हणालात!"

"ते बोलणं होतं, पोरी. हा आकडा आहे."

"मग पहिल्यापासून विचारते. वाईट उत्तराने आमचं काही बिघडत नाही हं. तुम्ही वाचलात ते यंत्रांनीच सांगितलं. वाचून जगताय कसे, ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

या खेपेला भीतीपाशी आल्यावर मर्व कोठाराचं बोलला. सगळं. तिने मध्ये तोडलं नाही.

"असं पुष्कळांना होतं," ती म्हणाली. "तुमच्या डॉक्टरांना कळवू?"

"पुष्कळांना?" मर्वने विचारलं. मग म्हणाला, "कळव. आणि तुझा फोन पुन्हा कधी?"

"आमचा हा शेवटचा, मर्व."

"बरं."

घर होतं तेवढंच शांत. मंगळवार असूनही मर्वने लेकीचा नंबर लावला. ती कामावर असणार. घंटा नुसती वाजत राहिली. त्याने फोन ठेवला नाही. वाजू दिला.