नकाशातला काळा ठिपका

भूगोलाच्या सरांचं खरं आडनाव शाळेत कोणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. पोरांनी त्यांचं 'अंधारे सर' करून टाकलं होतं, आणि ते त्यांना शोभतही होतं. दरवर्षी आठवीच्या मुलांना ते गच्चीवरून तारे मोजायला लावत. जिथून तारे कमी दिसतील ती जागा नकाशात लाल, जरा बरे दिसतील तिथे पिवळी, आणि आभाळ ताऱ्यांनी गच्च भरलेलं दिसेल तिथे काळी. मुलं हटकून उलटं रंगवायची. काळा म्हणजे वाईटच ना!

"अरे गाढवांनो, इथे काळा म्हणजे श्रीमंती!" सर ओरडायचे.

घरी बायको टोमणा मारायची, "लोक मास्तरकी करून उजेड पाडतात. तुम्ही बसा अंधार शिकवत." सर खो खो हसायचे.

गावात दिवे वाढत गेले, तसा नकाशा मात्र वर्षागणिक लालेलाल होत गेला. शेवटी एकच काळा ठिपका उरला, खाणीमागचा माळ. तिथून आकाशगंगा अजून नुसत्या डोळ्यांनी दिसायची. नात लहानपणापासून मागे लागली होती आणि सर म्हणत आले होते, "आठवीत गेलीस की वर्गाबरोबर नेतो." यंदा ती आठवीत होती, आणि सरांचं नोकरीचं शेवटचं वर्ष. सहल ठरली. तेवढ्यात शाळेचं प्रदर्शन आलं. सरांनी नकाशा मोठा करून दारातच लावला, आणि तिथेच माशी शिंकली.

पाहुणे म्हणून आलेले नगराध्यक्ष काळ्या ठिपक्यापाशी थबकले. "अरेरे, इथे अजून दिवे नाहीत? लाज वाटली पाहिजे आम्हाला! लगेच दिवे लावतो!"

"अहो साहेब, तसं नाही, काळा म्हणजे..." सर मागे धावले, पण टाळ्यांत कोण ऐकतंय? नंतर नगरपालिकेच्या कचेरीतही खेटे घातले. तिथे साहेब पाठीवर थाप मारून म्हणाले, "श्रेय तुमचंच आहे सर, लाजता काय!"

सहलीच्या आधीच माळावर खांब उभे राहिले. कळ दाबायला सरांनाच बोलावलं. जन्मभर पोरांवर ओरडलेल्या माणसाला मोठ्यांपुढे 'नाही' म्हणता आलं नाही. पुरता अंधारही पडला नव्हता. सरांनी कळ दाबली आणि माळ दिवसासारखा लख्ख झाला. नात शेजारी मान वर करून उभी होती.

"आजोबा, कुठे आहे ती?"

"होती," सर म्हणाले.

घरी बायकोने विचारलं, "काय हो, कसला एवढा सत्कार?"

"उजेड पाडला मी."

बायकोने या वेळी टोमणा मारला नाही. ती आत गेली.

नात नकाशा काढून बसली. वर्गात दाखवायचा होता, माळ लाल करायचा होता. खोडरबर घासून घासून कागद विरला, तरी काळा काही निघेना.

सरांनी तिचा हात धरला. "राहू दे गं. कागदावर तरी राहू दे."