चित्रातल्या बाळाची तीट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे मला बोलू द्या. देवाच्या चित्राला काजळ लावणारी बाई कधी पाहिलीत? नाही ना? मग बघा माझ्याकडे नीट!

माझ्या पिलूचा ताप उतरेना, म्हणून सासूबाई आणि मी पहाटेच्या एस.टी.ने एरंडोलहून धुळ्याला मिशनच्या दवाखान्यात गेलो. रक्त तपासायला दिलं. नर्स म्हणाली, "रिपोर्ट येईपर्यंत प्रार्थनेच्या खोलीत बसा, तिथे गार आहे."

पण आत गेले आणि जागीच थांबले. भिंतभर जुनं तेलरंगाचं चित्र! मागे काळाकुट्ट अंधार आणि एका बाजूने असा उजेड सांडलेला, की मी खिडकी शोधायला लागले. खिडकी नव्हतीच हो! त्या उजेडात एक आई, मांडीवर बाळ. बाळाच्या मांड्यांना अशा वळ्या, की हात लावला तर मऊ लागतील. मी आपोआप चपला काढल्या.

मग माझा स्वभाव जागा झाला. बाळ उघडंच! मुठीत जिवंत पक्षी, चोच डोळ्याजवळ. शेजारी सफरचंद अन् सुरी. आणि खाली? माय वं, साप! आईचं लक्ष कुठे? वर आभाळात!

"कितला गोरा शे पोऱ्या!" सासूबाई चित्राकडे बघत म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर पिलू झोपलेलं. "बठ्ठा लोके देखतस. दिट लागी जाई ना त्याले!"

झालं! दृष्टीचं नाव निघताच मी पर्समधून काजळाची डबी काढली, बाकावर चढले आणि त्या बाळाच्या गालावर छान तीट लावली. जिवाला काय बरं वाटलं!

थोड्या वेळाने वॉचमनभाऊ आले अन् ओरडले, "सिस्टर, चित्राला बुरशी लागली!"

दवाखाना चालवणाऱ्या मिशनच्या सिस्टर धावत आल्या. मागे नर्स, मागे पेशंटचे नातेवाईक. कुणी म्हणे, मुंबईहून माणूस बोलवा. एका आजींनी तर हातच जोडले, "काल नव्हता हा डाग. चमत्कार आहे!" पाठोपाठ चार जणी गुडघ्यावर! मी पदरात तोंड लपवलं. आता हाकलून देतील, मग पिलूला कोण बघेल?

तेवढ्यात सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "चमत्कार कसाना? मन्ही सूननी लायेल शे ती तीट!"

सगळे माझ्याकडे वळले. मी रडकुंडीला येऊन म्हणाले, "सिस्टर, त्या बाळाकडे कुणाचं लक्षच नाही हो. पक्षी, सुरी, साप..."

सिस्टर माझ्या शेजारी बसल्या. "अगं, पक्षी म्हणजे त्या बाळाच्या नशिबातलं दुःख. सफरचंद म्हणजे माणसाचं पहिलं पाप, सुरी म्हणजे आईच्या काळजात शिरणारी वेदना. आणि सापावर बघ, तिने पाय दाबून धरलाय. तिला सगळं माहीत आहे, म्हणून ती वर बघते."

मी परत पाहिलं. अंगावर काटा आला. म्हणजे ती बेफिकीर नव्हतीच! माझ्याहून जास्त घाबरलेली होती, तरी बाळाला किती अलगद धरलं होतं!

सिस्टरने कापसाने हळूच तीट टिपली. मग म्हणाल्या, "रिपोर्ट आलाय. साधा ताप आहे, दोन दिवसांत उतरेल. पण काय गं, तुझ्या बाळाची तीट कुठे आहे?"

मी पिलूकडे बघितलं. गाल कोरा! एस.टी. पकडायच्या घाईत माझ्याच लेकराला लावायची राहिली होती.

सिस्टरने तोच कापूस पिलूच्या गालावर टेकवला. वॉचमनभाऊ अजून त्या आजींना समजावत होते, "उठा अक्का, चमत्कार नाही, एरंडोलची बाई आहे!"