तीन लुगड्यांची बाई

लिंगराज पेंटर चाळिशीचा झाला तरी चित्रकथांची पुस्तकं वाचायचा, आणि अख्खं पालम गाव त्याला हसायचं. मीही हसायचे. मी जवळच्याच एका गावी आरोग्य उपकेंद्रावर नर्स होते. दुकानांच्या पाट्या रंगवून झाल्या की हा गडी रद्दीवाल्याकडून जुन्या चित्रकथा उचलायचा आणि पात्रांच्या तोंडची वाक्यं कागदाच्या पट्ट्या चिकटवून झाकून टाकायचा. मग नुसत्या चित्रांवरून गोष्ट कळते का, ते बघत बसायचा. कुठं कळली, कुठं अडली, सगळं वहीत लिहायचा. अशा आठ वह्या भरल्या होत्या. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, दुसरं काय म्हणणार.

१९८५ च्या पावसाळ्यात आमच्या गावात हगवणीची साथ आली आणि दोन लेकरं गेली. साखर-मिठाच्या पाण्यानं ती वाचली असती. मी घरोघर सांगून दमले होते, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. पाटी लिहावी तर बायांना वाचता येत नव्हतं. तेव्हा लिंगराज आपणहून आला.

“बाई, मला एक भिंत द्या. अक्षर एक बी काढत न्हाई, तरी कळंल.”

आठवड्यानं तालुक्याचे डॉक्टर साहेब तपासणीला येणार होते. चित्र बायांना कळलं तर ठेवायचं, नाही तर वर चुना फासायचा, असं त्यांनी निरोप धाडून बजावलं. मी उपकेंद्राची भिंत दिली.

त्यानं चार चौकटी काढल्या. पहिलीत मलूल लेकरू घेतलेली आई, लेकराच्या पायांवर हगवणीचे ओघळ. दुसरीत पाण्याच्या ग्लासात चमचाभर साखर आणि चिमूटभर मीठ टाकणारा नुसता हात. तिसरीत आई लेकराला ते पाणी पाजतेय, चौथीत लेकरू तिच्या कडेवर हसतंय. रंगाची हौस दांडगी, म्हणून दर वेळी आईला नवं लुगडं: हिरवं, लाल, पिवळं.

गावची जुनी सुईण बायनाबाई, तिला आधी दाखवलं. तिनं पदर सावरून निवांत बघितलं.

“तिघी बाया हायत. हिरवीचं लेकरू आजारी, लालवाली पानी पाजायलीय, पिवळीचं लेकरू चांगलं हाय. पर हा हात कुनाचा तोडला?”

मी कपाळावर हात मारला. “अहो, तिघी एकच आहेत.”

“एकीकडं तीन लुगडी? गावात कुनाकडं हायत, दाखवा.”

लिंगराज खट्टू होईल असं मला वाटलं. तो मटकन खाली बसला आणि हसायलाच लागला. “बाई, मी वहीत शंभरदा लिहिलंय, चित्रकथेतला नायक कदी कपडे बदलत न्हाई. मला वाटायचं, काढनाराचा आळस हाय. आज कळलं कशापायी ते.”

दुसऱ्या दिवशी त्यानं भिंत पुन्हा रंगवली. तिन्ही ठिकाणी तेच हिरवं लुगडं, खांद्यावर तेच ठिगळ. हाताचं कोडं बायनाबाईनंच सोडवलं. “गोंदन काढ की,” ती म्हणाली. त्यानं आईच्या मनगटावर विंचू काढला, आणि तोच विंचू त्या सुट्या हातावर.

साहेब आले. गावातल्या बायांना पढवून ठेवलं असेल, असा त्यांना संशय. म्हणून त्यांनी नुकत्याच एसटीतून उतरलेल्या एका पाहुणीलाच बोलावलं. ती दगडाबाई, जिंतूरकडची, लेकीला भेटायला आलेली. शाळेची पायरी कधी न चढलेली.

दगडाबाई भिंतीपुढं उभी राहिली. “लेकराला हगवन लागली. मायनं साखर-मीठ पान्यात कालवलं. पाजलं, पाजतच ऱ्हायली. मग लेकरू निजलं, आन उठून आता हसायलंय.”

“निजलेलं कुठं काढलंय?” साहेबांनी विचारलं.

“ते काढायला कशाला पायजे? येवढं दुखनं सोसून लेकरू निजल्याबिगर हसंल का?”

लिंगराजनं माझ्याकडं बघितलं. दोन चौकटींच्या मधलं, कुणी न काढलेलंही तिनं वाचलं होतं. मला त्याचा इतका अभिमान वाटला, की आजवर हसल्याची लाज वाटली. साहेबांनी तिथंच आणखी एकोणीस गावांच्या भिंती त्याला दिल्या.

दगडाबाई मात्र भिंतीपुढून हलेना. पहिल्या चौकटीपासून बोट फिरवत तिनं सगळ्याचा अर्थ पुन्हा एकदा लावला आणि लिंगराजला म्हणाली, “मला वाचता येतंय, हे मला कुनी सांगितलंच न्हवतं.”