पार्कातली एकटी मुलगी

आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ नागपूरहून बदलीवर चंदीगडला आले होते. कॉलनीत घरोघरी केबल आली, तरी त्यांनी घेतली नाही. रोज संध्याकाळी ते लेकीला पार्कात आणायचे आणि झोक्याची साखळी ओढून बघितल्याशिवाय तिला बसू द्यायचे नाहीत. बाकीची मुलं घरी कार्टून बघत असायची.

एकदा त्यांनी आमचं दार वाजवलं. "अर्धा तास मुलांना पाठवता का जी? ती एकटीच असते."

"उद्या पक्का," मी म्हणालो, पण पाठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसच्याच कपड्यांत, धापा टाकत, तिच्याशी लंगडी खेळत होते. "पापा, घर चलो ना," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात त्यांनी केबल घेतली. जिन्यात भेटल्यावर हसून म्हणाले, "आता शाळेत मैत्रिणींशी बोलायला तिला काहीतरी विषय मिळेल."

ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं.