अमरावतीची दौड आणि विहीणबाई

अकोल्याला गाडीतून उतरले तेव्हा विहीणबाई फलाटावर शाल गुंडाळून उभ्या होत्या. माझी मुलगी मृणाल अकोल्याला दिलेली. या तिच्या सासूबाई, कुसुमताई. मूळच्या हिवरखेडच्या, शेतीत वाढलेल्या, बोलायला रोखठोक. त्यांनी माझी बॅग हातातून काढून घेतली, बाहेर लटकणारे बूट पाहिले आणि विचारलं, "याच बुटानं पयनार काय?" (पयनं म्हणजे पळणं.)

अमरावतीच्या अर्धमॅरेथॉनसाठी मी पुण्याहून आले होते. आमची नात ईरा दिवस भरायच्या आतच जन्मली. मृणाल तेव्हा अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवत होती, त्यामुळे बाळाला तिथल्याच मुलांच्या रुग्णालयात ठेवावं लागलं. ज्या घरांना हा खर्च झेपत नाही त्यांच्या बाळांसाठी तिथे एक मदतनिधी आहे. दौड त्या निधीसाठी होती, आणि मी ती पुरी केली तर देणगी द्यायचं आमच्या सोसायटीतल्या मंडळींनी कबूल केलं होतं.

ते रुग्णालय मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. ईरा काचेच्या पेटीत होती ते सगळे आठवडे मी पुण्यात मोडका पाय प्लास्टरमध्ये घेऊन पडून होते. अमरावतीला होत्या कुसुमताई.

अकोल्यात ईराने मला अंगणभर पळवलं. जेवायला पातोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्या घातलेला झणझणीत रस्सा) आणि भाकरी होती. धावण्याआधी तिखट खायचं नाही, असं मी ठरवून आले होते. दोनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीने अमरावतीला निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापून ठेवलेल्या तुरीच्या पेंढ्या, आणि शेवटच्या वेचणीनंतर बोंडाबोंडांवर राहिलेला चुकार कापूस. मूर्तिजापूरला चहा झाल्यावर कुसुमताईंनी मनातलं विचारलं. "पैसे द्याचे तं लोकायनं असेच देऊन टाकावं. त्यासाठी तुमाले कावून पयावं लागते?"

मी धावते म्हटलं की लोक विचारतात कशासाठी, आणि मग मला त्या बाळांबद्दल सांगता येतं, असं मी म्हटलं. त्यांनी आपल्या पायातल्या चपलांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तं मी बी चालतो तुमच्या संगं." इकडे बायकाही 'मी जातो, मी चालतो' म्हणतात. अंतर फार आहे, असं सांगून मी तो विषय संपवला.

राजापेठेत त्यांच्या मामेबहिणीकडे उतरलो. गल्लीत शिकवण्यांच्या पाट्यांवर पाट्या आणि खाली पोरापोरींच्या स्कूटरींची गर्दी. संध्याकाळी गिलावडा (दह्यातला मऊ वडा) समोर आला आणि माझा उरलासुरला निर्धारही गेला.

सकाळी थंडी चांगलीच बोचत होती. पहिला निम्मा भाग मी मजेत धावले. बडनेऱ्याच्या रस्त्यावरून परत फिरले आणि पोटरीत असा गोळा आला की मी दुभाजकाला धरून खालीच बसले. थकलेल्या धावकांना उचलत मागून येणाऱ्या आयोजकांच्या गाडीतल्या मुलीने आत बसायला सांगितलं. पण गाडीत बसलं की दौड अपुरी, आणि देणगीचा शब्द दौड पुरी होण्यावर होता. मी नको म्हटलं आणि लंगडत निघाले. शेवटचे धावकही पुढे गेले. राजापेठेपाशी रस्ता रहदारीला खुला झाला होता. मोटारसायकली अंगाला घासून जाऊ लागल्या आणि मला रडू यायला लागलं.

तिथे कुसुमताई उभ्या होत्या. साडीवर स्वेटर, कानाला स्कार्फ. काय झालं, हे त्यांनी विचारलंच नाही. माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "टाका पाय."

चपला फटफटवत त्या माझ्याबरोबर चालत राहिल्या. चालता चालता, ईरा पेटीत होती त्या महिन्याबद्दल सांगत होत्या: कुठल्या नळाचं पाणी गोड, कुठली नर्स रागीट पण मायाळू, ईराच्या लंगोट्या कुठल्या कठड्यावर वाळत घालायच्या. हे मला त्यांनी फोनवर कधीच सांगितलं नव्हतं. फोनवर त्या एवढंच म्हणायच्या, चांगली आहे, काळजी करू नका.

शेवटची रेघ रुग्णालयाच्या मैदानात होती. आम्ही पोचलो तेव्हा कमान उतरवणं चालू होतं. एका कार्यकर्त्याने दोऱ्या सोडून धावत येऊन माझ्या गळ्यात पदक घातलं आणि नंबर लिहून घेतला. दौड पुरी झाली होती.

मला बसायचं होतं. कुसुमताई म्हणाल्या, वर बाकडं आहे. त्यांनी मला पहिल्या मजल्यावर नेलं, ईरा आत असताना त्या रोज बसायच्या त्याच बाकड्यावर. तिथे कान बांधलेली एक ओली बाळंतीण बसली होती, मृणालपेक्षाही लहान. तिने आम्हाला जागा करून दिली आणि विचारलं, "तुमचं कोन हाय आत?"

"आता कोनी नाही," कुसुमताई म्हणाल्या. "आमची नात होती. घरी गेली. तुमची बी जाईन."

केवढी होती, असं त्या मुलीने विचारलं. कुसुमताईंनी उजवा तळवा पुढे केला आणि डाव्या हाताचं बोट मनगटाच्या जरा वर टेकवलं. एवढी. मी ईराचे फोटो पाहिले होते, वजनही मला पाठ होतं. पण ती केवढी होती, ते मला त्या हातावर दिसलं. मुलगी त्या तळव्याकडे बघत राहिली. मग तिने आपला हात तसाच धरून पाहिला. निघताना कुसुमताईंनी तिचा फोन नंबर घेतला.

पुण्यात सगळ्यांनी आधी वेळ विचारली. मी शेवटून पहिली आले, असं सांगितलं. हसून झाल्यावर प्रत्येकाने शब्द पाळला. पुण्याला येताना गाडीत मला सारखं वाटलं होतं की आमच्या घराने त्या रुग्णालयाला जे द्यायचं, ते कुसुमताई त्या बाकड्यावर माझ्याआधीच देऊन आल्या होत्या.

थंडी ओसरताना त्यांचा फोन आला. "पोट्टी काल घरी गेली," त्या म्हणाल्या.

ईरा तर घरीच आहे ना, असं मी गोंधळून विचारलं.

"आपली नाही हो. बाकड्यावरच्या पोरीची."

मग त्यांनी मला त्या बाळाचं वजन सांगितलं, मधे आलेला आईचा ताप उतरल्याचं सांगितलं, आणि बारशाला आपल्या दोघींनाही बोलावलंय म्हणून फोन ठेवला. मी अकोल्याच्या गाडीचं तिकीट बघायला बसले.